पात्यावरची कोयरी

वन्सं,

सतरा दिवस झाले तुम्हाला जाऊन, आणि अजून कोणी ना कोणी फोन करून मला सांगतंच आहे की त्या सुऱ्या घरात ठेवू नका. काल साताऱ्याहून तुमच्या धाकट्या भावजयीचा फोन होता. गेलेल्या माणसाचा जीव म्हणे धारेच्या वस्तूत अडकून राहतो, वाहत्या पाण्यात सोडून द्या सगळ्या. मी म्हटलं, बाई गं, जयपुरात नळाला पाणी आलं तरी आम्ही शेजारच्यांना हाका मारतो, वाहतं पाणी कुठून आणू? आणि अडकला जीव तर अडकू दे. एकशे बारा आहेत. कुठल्या ना कुठल्या पात्यात सापडाल.

आणि त्या सुऱ्या नाहीत, हेही सांगितलं तिला, अगदी तुमच्या आवाजात. सुरी स्वयंपाकघरात असते. हे घडीचे चाकू, सैनिकांच्या खिशातले. एक बोथट नाकाचं पातं, एक डबा फोडायचं टोक, दोरीच्या गाठी सोडवायला मागच्या बाजूला जाड टोचा. यांनी माणसं मारलेली नाहीत. यांनी डबे फोडले, पट्ट्या कापल्या, पेन्सिली तासल्या, घरची पत्रं उघडली. तिनं "बरं बरं" म्हणून फोन ठेवला. तुमच्यासारखं रागावणं मला आता जमायला लागलंय, वन्सं. उशिरा जमलं.

नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं असं माझ्या आईनं लग्नाआधी बजावलं होतं. त्यात तुम्ही सैन्यातल्या नर्स, केस आखूड कापलेल्या, लग्नाच्या पंगतीत नारिंग सोलायला पर्समधून चाकू काढणाऱ्या. मी भोपळा होणार हे मी त्याच दिवशी समजून गेले. पुढे हे इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर झाले, मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले, आणि मेजर होऊन तुम्ही निवृत्त झालात तेव्हा शेवटचं पोस्टिंग जयपूरच्या मिलिटरी हॉस्पिटलातच होतं. "मागची खोली रिकामी आहे ना?" एवढंच विचारलंत. दोन ट्रंका घेऊन आलात. एकीत कपडे होते. दुसरी दोन माणसांना उचलेना.

तुम्हाला हा नाद लागला कसा, ते मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते आहे, कारण लोकांना वाटतं बाईला शस्त्रांची हौस होती. तुम्हाला शस्त्रांची काडीची हौस नव्हती. तुम्ही नव्या लेफ्टनंट असताना एका म्हाताऱ्या सुभेदारानं वॉर्डमधून घरी जाताना आपला चाकू तुमच्या हातात ठेवला. पात्याच्या बुडाशी बारीक अक्षरात इंग्लंडातल्या शेफील्डचा शिक्का. तुम्ही लायब्ररीत जाऊन शेफील्ड शोधलंत, आणि काय वाचलंत, तर तिथे पात्यांना धार लावणारे कारागीर दगडाची धूळ छातीत जाऊन तरुणपणीच खोकून खोकून मरायचे. नर्सच्या डोक्यात तेच बसलं. "पात्यावर मालकाचं नाव असतं शैला, धूळ कोणी खाल्ली त्याचं नसतं." हे वाक्य मी तुमच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल. नव्याण्णव वेळा मी कंटाळले होते.

खंडेनवमीला तुम्ही जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घालायचात, सगळे चाकू उघडून मांडायचात, झेंडूचं एकेक फूल, आणि आरती नाही, मंत्र नाही. प्रत्येक चाकू कुठल्या गावात बनला असेल, घडणारा कोण, धार लावणारा कोण, मूठ बसवणारा कोण, जेवढं कळलं असेल तेवढं मोठ्यानं वाचायचं. जिथे कळलं नसेल तिथे "माहीत नाही" असं म्हणायचं, तेही मोठ्यानं. आमची ईशा लहान असताना तिला ही आरतीच वाटायची. शाळेत तिनं सांगितलं होतं, हमारे यहाँ दशहरे पर शेफील्ड की पूजा होती है.

आणि सांगानेर विमानतळावरचा तो तमाशा! पर्समध्ये चाकू विसरलात. सुरक्षेवाला बिचारा घाबरत घाबरत म्हणाला, मैडम, ये तो जमा करना पड़ेगा. तुम्ही म्हणालात, करा, पण पावती द्या, आणि पावतीवर "एक चाकू" नाही लिहायचं, बनवणाऱ्याचं नाव लिहायचं. मागे रांग लागलेली, मी जमिनीत जायला जागा शोधतेय, आणि तुम्ही त्याला भिंग देऊन शिक्का वाचायला लावताय. शेवटी हे बाहेर थांबलेच होते, त्यांच्याकडे चाकू धाडला तेव्हा विमान मिळालं. तुम्ही त्या सुरक्षेवाल्याचे आभार मानलेत. त्यानं सॅल्यूट केला.

माझं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या आईचं वय झालेलं, तिला प्रवास झेपला नसता. महिनाभर तुम्ही माझं सगळं केलंत. रोज सकाळी खाटेजवळ बसून डाळिंब सोलायचात, दाणे वाटीत पडायचे. एक दिवस मी रडायला लागले, आता आपण बाई राहिलो नाही असलं काहीतरी बरळले. तुम्ही दाणे काढायचं थांबवलं नाहीत. म्हणालात, "एक अवयव गेला. हजेरीपटावरून नाव नाही गेलं." मग चमचा हातात दिलात. त्या दिवसापासून मी तुम्हाला मनातल्या मनात घाबरणं सोडलं. एवढं सगळं करून घेतलं तुमच्याकडून, आणि परतफेड काय केली, तेच आज लिहायला बसले आहे.

अकरा वर्षांपूर्वीचा हिवाळा. रविवारच्या हटवाड्यात, जुन्या सामानाच्या ढिगातून तुम्ही तो चाकू आणलात. गंजून पार लाल झालेला, पातं उघडतही नव्हतं. विकणारा म्हणाला, चाकसूकडच्या भंगारातून आलाय. तुम्ही रॉकेलचे थेंब सोडत, दात कोरायच्या काडीनं पात्याचं बूड साफ करत दोन दिवस बसलात. तिसऱ्या दिवशी मला हाक मारलीत. मी भिंगातून पाहिलं. सरकारी मालाचा तो तीन रेघांचा बाण, पक्ष्याच्या पायासारखा. त्याच्या बाजूला अगदी पुसट एक कोयरी, आणि कोयरीच्या पोटात एक टिंब. शेफील्डवाले कोयरी कशाला उमटवतील? तुम्ही भिंग माझ्या हातातून परत घेतलंत. "हा इथला आहे शैला," म्हणालात, "हा आपल्या कोणीतरी बनवलाय." वहीत कोयरी काढलीत, आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला लग्नाला गेलात. फोटो परत आल्यावर नीट उजेडात काढू म्हणालात.

चार दिवसांनी तुमचा वाढदिवस होता.

मी केमिस्ट्रीची प्राध्यापक, वन्सं! लाल गंज लोखंड खातो आणि काळा राखतो, हा वाद आपण किती वेळा घातला. तुम्ही म्हणायचात, काळ्याला हात लावू नकोस, तो त्याचा कातडीचा रंग आहे. मी म्हणायची, दोन्ही ऑक्साइडच. आणि मला वाटलं, वाढदिवसाला तो लख्ख करून आपण एकदा दाखवून द्यावं. चाकू कॉलेजच्या लॅबमध्ये नेला, पातळ ॲसिडमध्ये घातला, आणि प्रॅक्टिकलची परीक्षा घेत बसले. अर्धा तास ठेवायचा तो तीन तास राहिला. बाहेर काढला तर राखाडी, निस्तेज. घाबरून सीतापुऱ्याला गेले, तिथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं दागिन्यांचं युनिट आहे. "मैडम, चकाचक हो जाएगा," म्हणाला. पॉलिशच्या चाकावर मी स्वतः धरला. चकाचक झाला. बोटानं बुडाशी चाचपलं. बाण होता, तो खोल ठोकलेला होता. कोयरी नव्हती. सरकारची खूण राहिली आणि कारागिराची मी घालवली.

तुम्ही आलात, मी दिलेली डबी उघडलीत, पात्याकडे पाहिलंत. माझ्याकडे पाहिलं नाहीत. दहा दिवस घरात एक शब्द नाही. हे दोघींच्या मध्ये निरोप्यासारखे फिरायचे. अकराव्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणालात, "चहा टाक." मी टाकला. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही, आणि मी माफी मागितली नाही. तुम्ही चहा मागितलात म्हणजे झालं, असं मी धरून चालले. घरात असंच चालतं ना आपल्याकडे. चहा टाकला की मिटलं.

इकडच्या चैत्रात आपण चाकसूच्या शीतलामातेच्या जत्रेला गेलो. तिथे लोहारांची दुकानं लागतात म्हणून. स्कूटरवर, डब्यात आदल्या दिवशीच्या पुऱ्या, कारण त्या दिवशी तिथे सगळे शिळंच खातात. शिळासप्तमी आपल्याकडे श्रावणात येते, इथे होळीनंतर लगेच, एवढाच फरक, असं तुम्ही मला समजावत होतात, आणि बोलता बोलता थांबलात. एक म्हातारी, डोक्यावरून पदर पुढे ओढलेली, जमिनीवर विळे, पळ्या आणि जुने अडकित्ते मांडून बसलेली. तुम्ही एक अडकित्ता उचललात. खिळ्याजवळ कोयरी, पोटात टिंब.

"यो तो म्हारा सुसराजी को ठप्पो छै," म्हातारी म्हणाली. तिच्या सासऱ्यांचा शिक्का! मग स्वतःहूनच पुढे, "लड़ाई के बखत सरकारी चक्कू बणाया छा. ठेकेदार ले ज्यातो."

तुम्ही तिथेच धुळीत बसलात. नाव काय होतं त्यांचं, विचारलंत. म्हातारीनं पदर आणखी खाली ओढला आणि हसली. "ना बाई. बहू सुसरा को नाम कस्यां ले?"

आजूबाजूला विचारून पाहिलं. गाव त्यांना मिस्त्रीजी म्हणायचं, बाकी कोणाला आठवेना. मुलगा वारलेला, नातू दूर कुठे तरी नोकरीला. नाव जिला माहीत होतं ती हीच एक बाई, आणि ती घेणार नव्हती. मी तुम्हाला म्हटलं, जाऊ द्या वन्सं, मानाची गोष्ट आहे. मला ते समजत होतं. मी तरी तुमचं नाव कधी घेतलं होतं? पण तुम्ही हलला नाहीत. तासभर तिच्याशी सुनांच्या गोष्टी बोललात, आपल्या पुऱ्या तिला दिल्यात, तिची शिळी राबडी, म्हणजे ताकातली बाजरीची पेज, प्यायलात. उठताना तिचा हात धरून म्हणालात, "माँजी, आप नहीं लोगी तो ये नाम आपके साथ चला जाएगा. फिर मान किसका रखोगी?"

म्हातारीनं इकडेतिकडे पाहिलं. भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "भूरालाल." लगेच दोन्ही कान धरले.

परतीच्या वाटेवर तुम्ही स्कूटरच्या मागे बसून ते नाव तीन-चारदा मोठ्यानं घेतलंत. टोंक रोडवरचे ट्रकवाले वळून बघत होते.

आता यापुढचं. महिन्याभरात संग्राहक मंडळाची बैठक झाली. बारा-पंधरा पुरुष, बहुतेक निवृत्त, अध्यक्ष कर्नलसाहेब, आणि तुम्ही एकट्या बाई. मी सोबत म्हणून आले होते, हातात कचोरीची बशी. तुम्ही चाकू, वही आणि अडकित्ता टेबलावर ठेवलात, भूरालालची गोष्ट सांगितलीत. कर्नलसाहेबांनी भिंग लावलं.

"मैडम, चाकू पर तो सिर्फ़ तीर है. आपका निशान कहाँ है?"

"था. मेरे हाथ से घिस गया. सफ़ाई में."

कोणीतरी हसलं. कर्नलसाहेब सभ्य माणूस, ते हसले नाहीत. पण म्हणाले, कोयरी तर सांगानेरच्या प्रत्येक चादरीवर असते. आणि अडकित्त्याकडे बोट दाखवत मागून कोणी म्हणालं, सरौता पहले देखा, निशान बाद में याद आया. सगळ्यांना ऐकू गेलं. मेजर मैडमने निशान बना लिया, ही बोलवा तिथून सुरू झाली, आणि ती तुम्ही जाईपर्यंत संपली नाही.

मी तुमच्या शेजारी बसले होते, वन्सं. ती कोयरी अडकित्त्याच्या आधी भिंगातून पाहिलेली दुसरी व्यक्ती जगात मीच होते. मी कचोरी खात होते.

घरी येताना मी विचारलं, असं का म्हणालात? तुम्ही म्हणालात, "वस्तू माझ्या ताब्यात होती. ताबा ज्याचा, चूक त्याची." मी म्हटलं, पण ते तुम्हाला खोटं ठरवताहेत. "ठरवू देत. तू तोंड उघडायचं नाहीस. कॉलेजात तुला विभागाची हेड करायची गोष्ट चालू आहे. केमिस्ट्रीच्या बाईनं ॲसिडमध्ये घातला म्हणून गावभर हसतील." आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. वाद घालायचं मी नाटक केलं, दोन मिनिटं. मग गप्प बसले, आणि ते गप्प बसणं वन्संचा मान राखणं आहे असं स्वतःला पटवलं. पुढे हेड झाले. निवृत्तही झाले. तोंड उघडायला मला अडवणारं काहीच उरलं नव्हतं, तरी उघडलं नाही.

तुम्ही मात्र दर रविवारी हटवाड्यात, सांगानेरच्या भंगारात, टोंकपर्यंत, दुसरा कोयरीवाला चाकू शोधत राहिलात. गुडघे गेले तरी. मी कधी बरोबर यायची, कधी डोकं दुखतंय म्हणायची. मिळाला नाही. एकदा रिकाम्या हातानं परत आलात आणि चपला काढताना म्हणालात, "अकरा वर्षांत एक नाही, म्हणजे मीच स्वप्नात पाहिला की काय गं?" आणि माझ्याकडे पाहिलंत. विचारत होतात, वन्सं. तुम्ही, ज्यांना कधी कोणाला काही विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, नाही हो, चला, जेवायला वाढते. ही गोष्ट गेल्याच दिवाळीची आहे.

यावर आपलं भांडण व्हायला हवं होतं. मला अजूनही विचारायचंय, माझी चूक तुम्ही अंगावर घेतलीत ती मायेनं, की मी उभी राहीन यावर तुमचा विश्वासच नव्हता? मायेनं असेल तर मला लाज वाटते. दुसरं असेल तर राग येतो. आणि तुम्ही उत्तर न देता निघून गेलात, हे मला मुळीच मान्य नाही.

तेराव्यानंतर ईशानं तुमची वही उघडली. तिचं मराठी तुम्हाला माहीत आहे, हिंदी शाळेच्या देवनागरीवर चालणारं, एकेक अक्षर लावून वाचते. वाचता वाचता एका पानावर थांबली. "आई, आत्यानं लिहिलंय, खूण माझ्या हातून गेली. पण मला तर बाबांनी सांगितला होता की तो चाकू तू पॉलिश केला होता. मतलब आत्या वहीमध्ये झूठ का लिहिणार?"

मी वही ओढून घेतली. तुमच्या त्या वहीत खाडाखोड नाही, अंदाज नाही, जिथे माहीत नाही तिथे "माहीत नाही". आणि तिथे निळ्या शाईत, सरळ अक्षरात, खोटं. जी वही कोणी बघणारही नव्हतं त्या वहीत. मी ईशाला सगळं सांगितलं. "त्या लोकांनी आत्याला खोटारडी म्हटला, आणि तू तिथे होती?" ती म्हणाली. "मतलब, तू काहीच नाही बोलली?" तुटक्या मराठीतही किती नीट लागतं बघा.

काल रविवार, सकाळी अकराला मंडळानं तुमची शोकसभा ठेवली होती. तुमच्या फोटोला हार. मी ट्रंक घेऊन गेले, कारण कर्नलसाहेबांनी पुढच्या प्रदर्शनासाठी संग्रह मागितला होता. हे आणि ईशा सोबत. कर्नलसाहेब चांगलं बोलले. म्हणाले, असा शेफील्डचा संग्रह शहरात दुसरा नाही, तो आम्ही मानानं मांडू. "वो देसी वाला रहने देते हैं. मेजर मैडम उस मामले में थोड़ी भावुक थीं."

भावुक! वन्सं, तुम्ही! आयुष्यभर जखमा बांधल्यात, माझ्या ऑपरेशनच्या वेळी मी रडत असताना डाळिंब सोलत राहिलात, आणि हे तुम्हाला भावुक म्हणतात! माझ्या डोक्यातच गेलं. मी उभी राहिले.

मी म्हटलं, "निशान मैंने मिटाया था. तेज़ाब में डालकर. मेजर कुमुद ने नहीं."

तुमचं नाव घेतलं मी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. कान धरले नाहीत.

मग सगळं सांगितलं. लॅब, तीन तास, सीतापुऱ्याचं चाक. भिंगातून कोयरी पाहिली ती अडकित्ता मिळायच्या चार महिने आधी, हे दोनदा सांगितलं. माझं हिंदी रागात मराठी होतं, ते झालं. कोणी हसलं नाही. कर्नलसाहेबांनी चाकू मागितला. खिडकीपाशी गेले, बराच वेळ भिंग लावून बसले. "हाँ," म्हणाले, "जोड़ के अंदर तेज़ाब का खाया हुआ दिखता है. सफ़ाई से ऐसा नहीं होता. ये हमें तब देखना चाहिए था." मग माझ्याकडे वळले. "पर मैडम, आप ग्यारह साल चुप क्यों रहीं?"

"डर के मारे," मी म्हटलं. यापेक्षा बरं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि मी शोधलंही नाही.

माणूस प्रामाणिक आहे, पण समितीचा माणूस आहे. म्हणाले, चाकू मांडू, खाली चिठ्ठी लावू, "संभवतः स्थानीय". मी म्हटलं, संभवतः नाही. भूरालाल, चाकसू. एका सुनेनं कान धरून ते नाव दिलंय, मी ते "संभवतः" करू देणार नाही. ते म्हणाले, समितीला विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा. तोवर प्रदर्शनात एकशे अकरा चाकू मांडले जाणार नाहीत. एकशे बारा, नाहीतर एकही नाही. आणि ट्रंक बंद केली. ईशानं एक कडी धरली, ह्यांनी दुसरी. तुमच्या भावाला मी इतक्या वर्षांत कोणाशी भांडण करून दाराबाहेर पडताना पाहिलं नव्हतं, काल पाहिलं. पायऱ्यांवर म्हणाले, "कुमुदताईला आवडलं असतं." मला नाही वाटत. तुम्ही म्हणाला असतात, सांगितलं होतं ना तोंड उघडायचं नाही म्हणून.

पुढच्या बैठकीलाही मी जाणार आहे. त्याच्या पुढच्याही. तुमची खुर्ची मी घेतली आहे, त्यांनी दिलेली नाही. रविवारी हटवाड्यातही जाईन; कोयरीवाला दुसरा चाकू सापडला तर बरंच आहे, नाही सापडला तरी भूरालाल होता आणि तुम्ही त्याची खूण पाहिली होती. मी पाहिली होती.

आज सकाळी वही घेऊन बसले. तुमचं ते वाक्य खोडायला हात होईना, म्हणून त्याच्या खाली लिहिलं, "वरची नोंद खोटी आहे. खूण माझ्या हातून गेली," आणि सही केली. बाकी अख्ख्या वहीत तुमचा एक शब्द खोटा नाही, हे मी कर्नलसाहेबांना सांगितलंय, समितीलाही सांगेन. तुम्ही आयुष्यात एकदाच खोटं बोललात, वन्सं, माझ्यासाठी, आणि तेही मी काल भर सभेत सांगून टाकलं. आता रागवायचं तर रागवा.

तुमची,
शैला